कोयत्याला शून्य टक्के

कोयत्यावर जीएसटी शून्य टक्के आहे. २०१७ साली हा कर आला तेव्हापासून हातानं किंवा बैलाच्या बळावर चालणारी शेतीची अवजारं करमुक्त यादीत आहेत, आणि विळा, कुदळ, कुऱ्हाड यांच्याबरोबर कोयताही त्याच यादीत बसतो. बैलगाडीवर १२ टक्के होते, ते घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ५ टक्के झाले. ट्रॅक्टरवरच्या १२ टक्क्यांचेही ५ झाले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात या तीन आकड्यांच्या मागे तीन तऱ्हेची माणसं आहेत. एकाकडे कोयत्याशिवाय काही नाही. दुसऱ्याकडे बैलजोडी आणि टायरगाडी आहे. तिसऱ्यानं हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलाय आणि साखर कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केलाय. चौथा माणूस गावात मागे राहतो, दुधाच्या धंद्यावर. त्याच्याकडेही यायचंच आहे.

दर उतरले ते दिवस या तालुक्याला सुखाचे नव्हते. सप्टेंबरच्या मध्यात अतिवृष्टीनं कडा आणि आसपासच्या गावांत पाणी शिरलं, हाताशी आलेली पिकं गेली. त्याच आठवड्यात, १७ सप्टेंबरला, अहिल्यानगरहून आष्टीमार्गे धावणारी रेल्वे बीडपर्यंत गेली. जिल्ह्यानं कित्येक वर्षं वाट पाहिलेला तो दिवस पावसातच उजाडला. आणि पाचव्या दिवशी नवे करदर लागू झाले.

दिल्लीतून २०२५ साली करांविषयी बरंच काही आलं. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या करप्रणालीत कर लागणार नाही, असं ठरलं. २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळून ‘प्राप्तिकर अधिनियम, २०२५’ कायदा झाला. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी त्याला १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे मोडीत निघाले, ५ आणि १८ हे दोन मुख्य दर उरले, आणि चैनीच्या व घातक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. वर्तमानपत्रांनी याला मध्यमवर्गाची दिवाळी म्हटलं. आष्टीत ती कुणाच्या दारी आली, हे पाहायला हवं.

एका वर्गाच्या दारी ती नक्की आली. तालुक्याच्या गावात पगारदार म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, पोलीस, महसूल आणि बँकेतली माणसं. ज्या शिक्षकाचा वर्षाचा पगार पावणेदहा लाख आहे, त्याला ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उरतात ९ लाख. २०२४-२५ मध्ये त्यावर उपकरासह ४१,६०० रुपये कर होता. २०२५-२६ मध्ये तो शून्य. करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर ८३,२०० रुपये वाचतात. या पैशांतून कुणी घराचं राहिलेलं काम काढेल, कुणी मुलीला पुण्याला शिकायला ठेवेल. हा लाभ खरा आहे आणि तो घेणारी माणसं कष्टाचीच आहेत.

आता कोयत्याचा हिशेब मांडू. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाला. टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर गेलं. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडले आणि हंगाम १२० दिवस चालला असं धरलं, तर जोडीची मिळकत होते ८७,८४० रुपये. दोघांत वाटली तर माणशी ४४ हजारांच्या आत. नव्या प्रणालीत पहिले ४ लाख करमुक्त आहेत. १२ लाखांची ती मोठी घोषणा या जोडीच्या डोक्यावरून कितीतरी उंचावरून जाते. तिला प्राप्तिकर कालही नव्हता, आजही नाही.

म्हणून आष्टी कराच्या बाहेर आहे, असं वाटू शकतं. तसं नाही. या तालुक्याला कर फारसा लागत नाही, पण कराचे नियम मात्र पुरेपूर लागतात. पॅन, रोखीच्या मर्यादा, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) आणि बँकेनं वर कळवायची माहिती ही जाळी शहरातल्या पैशाची चाल डोळ्यांसमोर ठेवून विणलेली आहे. इथला पैसा वेगळ्या चालीनं फिरतो. त्या चालीला इथं उचल म्हणतात.

उचलीचा रस्ता असा. कारखाना करार करतो वाहनमालकाशी, ज्याचा ट्रॅक्टर किंवा ट्रक आहे त्याच्याशी. हंगामाच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात, कारखान्याकडून त्याला हप्त्याहप्त्यानं आगाऊ रक्कम मिळते. तो ती मुकादमाला देतो आणि मुकादम टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला. हंगामात जसजसा ऊस तुटेल तसतशी मजुरीतून उचल फिटत जाते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते, आणि माणूस पुन्हा त्याच मुकादमाकडे बांधला जातो. पावसाळ्यात घेतलेल्या या पैशातून लग्नं होतात, दवाखाने होतात, सावकार फिटतात, शाळेची वह्या-पुस्तकं येतात. हा सगळा पैसा काही दिवसांपुरता मुकादमाच्या किंवा वाहनमालकाच्या खात्यावर थांबतो. त्यातला बराचसा त्याचा नसतो. बँकेच्या संगणकाला मात्र तेवढंच दिसतं की या पॅनच्या खात्यातून अमुक लाख निघाले.

इथूनच अडचण सुरू होते. समजा, तीन टोळ्या सांभाळणारा एक वाहनमालक आहे. बारा-बारा कोयत्यांच्या तीन टोळ्या म्हणजे ३६ कोयते. कोयत्याला ८५ हजार उचल धरली तर ३० लाख ६० हजार रुपये त्याला खात्यातून रोख काढावे लागतील, कारण वाडी-वस्तीवरच्या माणसाला रोखच हवी असते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं १९४एन कलम सांगतं की ज्यानं आधीच्या तिन्ही वर्षांची विवरणपत्रं भरलेली नाहीत, त्यानं वर्षात एका बँकेतून २० लाखांच्या वर रोख काढली तर वरच्या रकमेवर २ टक्के आणि एक कोटीच्या वर ५ टक्के टीडीएस कापायचा. आपल्या या माणसाचे १० लाख ६० हजारांवर २१,२०० रुपये कापले जातील. विवरणपत्रं वेळेवर भरलेली असती तर ही मर्यादा एक कोटी झाली असती आणि एक रुपयाही कापला गेला नसता.

कापलेले २१,२०० बुडाले असं नाही. तो त्याच्या नावावर जमा झालेला कर आहे, विवरणपत्र भरून परत मागता येतो. पण ज्याला विवरणपत्र कधी भरायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नाही, तो परतावा कुठून मागणार? मग ही रक्कम खाली सरकते. वाहनमालक ती मुकादमाच्या हिशेबात धरतो, मुकादम कोयत्याच्या. ज्या बाईनं फडात पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधल्या, तिच्या घामातून ते दोन टक्के जातात आणि तिच्या नावावर त्याची नोंद कुठंच नसते. मला हा प्रश्न आकड्याच्या आकारापेक्षा मोठा वाटतो.

पुढचा टप्पा यापेक्षा धोक्याचा आहे. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून अधिक रोख जमा झाली की बँकेला ती प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते. टोळीतले काही कोयते ऐन वेळी फिरले, त्यांच्याकडून उचल परत आली आणि मुकादमानं ती खात्यात भरली, की ही मर्यादा सहज गाठली जाऊ शकते. मग विचारणा येते की हा पैसा कुठला. समाधानकारक उत्तर देता आलं नाही तर ती रक्कम स्पष्टीकरण नसलेलं उत्पन्न ठरते, आणि १९६१ च्या कायद्यानुसार त्यावरचा कर ६० टक्के, त्यावर अधिभार, वर उपकर असा मिळून ७८ टक्के होतो. दहा लाखांवर सात लाख ऐंशी हजार. ज्याची स्वतःची मिळकत वर्षाला दोन-अडीच लाख आहे, त्याच्यासाठी ही जमीन विकायला लावणारी रक्कम आहे.

मुकादमाची मिळकत किती, तेही पाहू. बारा कोयते, दिवसाला दोन टन, १२० दिवस म्हणजे २,८८० टन. ३६६ च्या दरानं तोडणीचं बिल साडेदहा लाखांवर जातं आणि २० टक्के कमिशन दोन लाख दहा हजारांच्या आसपास. कर शून्य. पण इथंही एक खोच आहे. छोट्या धंदेवाल्यांना खातेवह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के नफा दाखवायची सोय जुन्या कायद्याच्या ४४एडी कलमात आहे. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला मात्र ती सोय नाही. म्हणजे ज्या माणसाला हिशेब ठेवणं सगळ्यात अवघड, त्यालाच कायदा सोपा रस्ता देत नाही.

तोडणी-वाहतुकीच्या ठेक्याच्या रकमेवर जुन्या कायद्याच्या १९४सी खाली व्यक्तीला १ टक्का टीडीएस आहे. एका वेळी ३० हजार किंवा वर्षाला एक लाख ओलांडले की तो लागतो. यातून मालवाहतूकदाराला सूट आहे: दहा किंवा कमी वाहनं असतील, पॅन दिला असेल आणि तसं लिहून दिलं असेल तर वाहतुकीच्या पैशावर कपात होत नाही. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला, तर एकाऐवजी २० टक्के. एका कागदाची ही किंमत आहे, आणि ती करारावर सही करतानाच सांगितली गेली पाहिजे.

जीएसटीनं मात्र या धंद्याला मोकळं ठेवलंय. शेतमालाच्या कापणीशी थेट जोडलेली कामं आणि शेतमजूर पुरवणं, दोन्ही करमुक्त सेवा आहेत. ही तरतूद करणाऱ्यांनी शेताच्या बांधापर्यंत येऊन पाहिलं होतं, असं म्हणावंसं वाटतं. प्राप्तिकराचा कायदा लिहिणाऱ्यांनीही शेतकरी पाहिला आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहेच. शिवाय व्यापाऱ्यानं शेतकऱ्याकडून माल घेताना रोख दिली तर दिवसाला १० हजारांच्या मर्यादेचा नियम त्याला आडवा येत नाही. कड्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याला रोख पट्टी देता येते ती त्यामुळेच. इतकंच काय, बाजार समितीत नोंदणी असलेल्या आडत्यांना आणि व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांचे पैसे देण्यासाठी काढलेल्या रोखीवर एक कोटीनंतरची कपात लागू नये म्हणून केंद्रानं सप्टेंबर २०१९ मध्येच अधिसूचना काढली. १९४एन लागू झाल्यावर तीन आठवड्यांत. बाजार समित्यांचा आवाज दिल्लीत ऐकू गेला.

उचलीसाठी अशी अधिसूचना नाही. कांदा विकणाऱ्याची रोख कायद्याला ठाऊक आहे, ऊस तोडणाऱ्याची नाही. ट्रॅक्टरवाल्यानं रीतसर खातेवह्या ठेवल्या आणि मजुराला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली, तर तो खर्च म्हणून धरलाच जात नाही. उचल तर ८०-८५ हजारांची असते. या फरकाला धोरणाचं कारण मला सापडत नाही. दोन्हीकडे पैसा खऱ्या कष्टाचा आहे, दोन्हीकडे घेणारा करमुक्त मर्यादेच्या आतला आहे. एकाच्या मागे बाजार समिती, व्यापारी महासंघ, मतांचं गणित आहे. दुसरा हंगामभर तीन जिल्ह्यांत विखुरलेला असतो. साखर कारखान्यांचंही दिल्लीनं ऐकलं. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदरापेक्षा जास्त दिलेला भाव म्हणजे नफ्याचं वाटप, असं धरून सहकारी कारखान्यांवर लावलेल्या प्राप्तिकराचा वाद अनेक वर्षं चालला. २०२३ च्या अर्थसंकल्पानं २०१६-१७ आकारणी वर्षाच्या आधीची ती देणी खर्च म्हणून मान्य केली आणि सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा दिला. तो योग्यच होता. त्याच उसाच्या साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या उचलीसाठी एक पानी अधिसूचना काढणं अवघड नाही. कारखान्याशी नोंदवलेला करार, बँकेतून आलेली आगाऊ रक्कम आणि टोळीची यादी एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की रोखीवरची कपात नको, इतकीच ती हवी.

पैसा कोयत्याच्या खात्यावर थेट जावा, हा यावरचा दुसरा उपाय लोक सुचवतात. तत्त्वाला मी राजी आहे, पण मग तो दोन खात्यांवर जायला हवा. कोयता जोडीचा असतो, उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि मुकादमाच्या वहीत नावही त्याचंच लिहिलं जातं. बाईच्या खात्यात तिच्या अर्ध्या मजुरीची नोंद झाली, तर ती उद्या बँकेकडून स्वतःच्या नावावर शेळ्या-गायींसाठी कर्ज मागू शकेल.

आता गावात राहिलेल्या माणसाकडे वळू. आष्टी अवर्षणाचा पट्टा. पाऊस भरवशाचा नाही म्हणून लोकांनी गायी धरल्या. कडा, धानोरा आणि आसपासच्या गावांत सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रांवर रांगा लागतात आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. शेतकऱ्याच्या मनात दूध ही शेतीच आहे. प्राप्तिकर कायद्याच्या मनात नाही. जमिनीची मशागत करून घेतलेलं पीक हेच शेतीचं उत्पन्न, ही चौकट सर्वोच्च न्यायालयानं १९५७ साली राजा बिनयकुमार सहसरॉय यांच्या खटल्यात घालून दिली, आणि दुग्धव्यवसाय तिच्या बाहेर राहिला. दूध हा धंदा ठरतो.

याचा अर्थ घाबरायचं असा नाही. दहा संकरित गायी, रोजचं शंभर लिटर, तीस रुपये भाव असं धरलं तर वर्षाची उलाढाल १० लाख ९५ हजार होते. पगार बँकेतून येतो म्हणून ६ टक्के नफा दाखवायची सोय वापरली, तर उत्पन्न होतं ६५,७०० रुपये. कर शून्यच. अडचण होते ती भलत्या रकान्यामुळे. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जासाठी बँक विवरणपत्र मागते, तेव्हा घाईत दुधाचे सगळे पैसे ‘शेतीचं उत्पन्न’ म्हणून लिहिले जातात. ते ५ लाखांच्या वर गेले की तपशिलाच्या फॉर्ममध्ये जिल्हा, पिनकोड, किती जमीन, स्वतःची की बटाईची, बागायत की जिरायत हे सगळं भरावं लागतं. चार एकर जिरायतीवर दहा लाखांचं पीक दाखवणारा कागद पुढे कुणाच्याही डोळ्यांत भरणार. खरा धंदा, खरे पैसे, आणि तरी कागद खोटा दिसतो.

संकलन केंद्र चालवणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. तो डेअरीसाठी लिटरमागे कमिशनवर काम करत असेल, तर मुकादमासारखीच त्यालाही ६-८ टक्क्यांची सोय नाही. त्याच्या कमिशनवर टीडीएस आहे. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांपर्यंत कपातच नाही. हे दोन्ही बदल छोट्या माणसाच्या बाजूचे आहेत. पण तो स्वतः दूध विकत घेऊन पुढे विकत असेल आणि शेजारी किराणा दुकान असेल, तर जीएसटीतली एक बारीक गोष्ट त्याला ठाऊक हवी. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, आणि सुटं ताजं दूध करमुक्त आहे. नोंदणीसाठी ४० लाखांची मर्यादा मोजताना मात्र करमुक्त विक्रीही धरतात. दिवसाला हजार लिटर दूध म्हणजे वर्षाला एक कोटीच्या वर. त्याच माणसानं त्याच पॅनवर साबण-बिस्किटं विकली की दुकानाची उलाढाल दोन लाख असली तरी नोंदणी लागते. अशा दुकानदारानं कंपोझिशनचा विचार करावा: दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला ती योजना आहे, आणि व्यापाऱ्यानं करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी जोखमीच्या छोट्या अर्जदारांना तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी देण्याची सोपी पद्धतही आली.

२२ सप्टेंबरचे दर गावाच्या दुकानात दिसतात. अंघोळीचा साबण, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ वर. फरसाण, तूप, लोणी १२ वरून ५ वर. मुलांच्या वह्या आणि पेन्सिली शून्यावर. दुधाचे कॅन, ठिबक आणि तुषार संच १२ वरून ५ वर. सिमेंट २८ वरून १८ वर, ३५० सीसीपर्यंतची मोटारसायकलही. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण ४५ हजारांनी स्वस्त होईल, असं केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं. ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर आले, हे जुन्या ट्रॅक्टरवाल्याला जास्त उपयोगाचं. डिझेल अजून जीएसटीच्या बाहेरच आहे, आणि वाहतूकदाराचा मोठा खर्च तोच. ज्या दुकानदारानं १८ टक्के भरून माल साठवला आणि आता ५ टक्क्यांनी विकायला घेतला, त्याचं वरचं क्रेडिट पुढच्या विक्रीच्या करात वळतं करता येतं, रोख परत मिळत नाही. पुरात माल भिजलेल्या कड्याच्या दुकानदाराला तर आणखी एक चटका आहे: नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट कायद्यानं उलटवावं लागतं. माल गेला आणि त्यावरचा करही भरायचा. निसर्गाच्या कोपाला या कलमात सूट असायला हवी होती. प्राप्तिकराच्या बाजूनं थोडी दया दाखवली गेली. लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबरची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवताना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं देशाच्या काही भागांतल्या पुराचा उल्लेख कारण म्हणून केला.

या सगळ्याची माहिती आष्टीतल्या माणसाला कोण देतो? सनदी लेखापाल तालुक्यात मोजके. बहुतेकांचं प्राप्तिकराशी पहिलं नातं मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात जुळतं. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला आणि पॅन एकाच टेबलावर निघतात. तिथला मुलगा भला असतो, काम पटकन करून देतो. पण पॅनच्या अर्जावर ई-मेल कुणाचा? बऱ्याचदा दुकानाचाच. प्राप्तिकराची चौकशी आता समोरासमोर होत नाही. नोटीस पोर्टलवर आणि ई-मेलवर येते. ती त्या दुकानाच्या गर्दीच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, उत्तराची मुदत जाते, आणि गावातल्या माणसाला पहिली खबर लागते ती थेट मागणीची.

दुसरा धोका परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्यांचा. नसलेलं घरभाडं, न दिलेल्या देणग्या, खोटे वैद्यकीय खर्च दाखवून कापलेला कर परत आणायचा आणि त्यातला हिस्सा घ्यायचा, हा धंदा देशभर पसरला. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्यानं देशात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपणहून विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटींचे दावे मागे घेतल्याचं खात्यानं सांगितलं. यात अडकलेला पगारदार बहुधा फसवणारा नसतो, फसलेला असतो. पण सही त्याची, दंडही त्याचाच, आणि चुकीची माहिती दिल्याचा दंड कराच्या दुप्पट असू शकतो. सुधारायला २०२५ पासून जास्त वेळ आहे: अद्ययावत विवरणपत्राची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांवर गेली. जितका उशीर, तितका जादा कर. २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत.

बीडपर्यंतच्या रेल्वेमार्गासाठी जमीन गेलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा झाला असेल, तर त्याच्या ९६ व्या कलमानं त्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१६ सालच्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकानं तेच स्पष्ट केलंय. उशिराबद्दल मिळालेल्या व्याजावर मात्र कर आहे. निम्मं व्याज वजा होतं आणि उरलेल्या निम्म्यावर आकारणी होते. मोबदला आणि व्याज एकाच आकड्यात आले असतील, तर निवाड्याची प्रत काढून दोन्ही वेगळे करून घ्यावेत.

आष्टी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, पश्चिमेला इंग्रजी अमलातला नगर जिल्हा. माल हद्द ओलांडताना संस्थानची करोडगिरी भरावी लागे. भारताचा प्राप्तिकर या भागाला १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. त्याला २०२५ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली. नवा कायदा ५३६ कलमांचा आहे, शब्दसंख्या निम्म्यावर आणल्याचं सरकार सांगतं, टीडीएसची विखुरलेली कलमं बहुतांशी ३९३ व्या कलमाच्या तक्त्यांत आली आहेत, आणि मागील वर्ष व आकारणी वर्ष यांच्याऐवजी एकच ‘कर वर्ष’ आहे. वाचायला तो सोपा आहे, हे मान्य. उचल त्यातही नाही. २०२५-२६ च्या हंगामाचा बहुतेक काळ जुन्या कायद्याखालचा आणि एप्रिलनंतरचे हिशेब नव्या कायद्याखालचे, म्हणजे वाहनमालकाला एकाच हंगामासाठी दोन कायद्यांची कलमं.

राज्यात २०२५ सालचं गाळप १ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुढे कर्नाटकापर्यंत. आर्थिक वर्ष २०२४-२५ ची विवरणपत्रं भरायची मुदत १६ सप्टेंबर २०२५ ला संपली. उशिराचं विवरणपत्र भरायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वेळ होता, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असलेल्याला त्यासाठी विलंब शुल्कही पडत नाही. गेल्या हंगामाच्या उचलीवर ज्यांचा टीडीएस कापला गेला, त्यांचे पैसे परत मागायचा हाच सरळ रस्ता आहे. अद्ययावत विवरणपत्रातून परतावा मागता येत नाही. उशीर माफ करण्याचा अर्ज आयुक्तांकडे पाच वर्षांपर्यंत करता येतो, पण तो रस्ता लांबचा आणि वकिली खर्चाचा. ३१ डिसेंबरला ही माणसं फडात असतात. म्हणून मुकादमानं आणि वाहनमालकानं निघण्याआधीच, दिवाळीच्या आठवड्यात, पोर्टलवरून आपला २६-एएस, म्हणजे नावावर कापलेल्या कराचा तक्ता, काढून घ्यावा, कपातीच्या रकान्यात किती रक्कम आहे ते पाहावं, पॅन आधारशी जोडलेला आहे का आणि त्यावरचा मोबाइल स्वतःचा आहे का हे तपासावं, कराराची प्रत आणि टोळीची वही घरात नीट ठेवावी आणि विवरणपत्र भरूनच गाडी जुंपावी. तालुक्याच्या ठिकाणी बाजार समितीनं, कर सल्लागारांनी आणि महाविद्यालयातल्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी मिळून यासाठी चार दिवस टेबलं मांडली, तर एवढं काम टोळ्या निघण्याआधी उरकतं.